बिल, बॉक्स आणि पंधरा आकडे
(वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं)

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं वापरलेल्या मोबाइलची आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. प्रश्न आटोपशीर करून घेतले आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरं फौजदारी कामं चालवणारे वकील आणि मोबाइलच्या बोर्डाची कामं करणारे तंत्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

वापरलेला फोन दुकानातून नऊ हजारांना घेतला. महिन्याभराने नेटवर्क गेलं, वाय-फाय मात्र चालतं. दुकानदार सिमला दोष देतो. *#०६# दाबल्यावर दिसणारा नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळत नाही. आता मीच अडकणार का?
— एक कामगार, सातपूर

आधी सिमचा वाद मिटवा. तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि दुसऱ्या कंपनीचं चालू सिम या फोनमध्ये घाला. तुमचं सिम तिकडे चाललं आणि इकडे कुठलंच चाललं नाही, तर दोष फोनचा. तो अँटेनाचा किंवा बोर्डाचाही असू शकतो, म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. दुसऱ्या फोनवरून KYM हे शब्द रोमन लिपीत, मग एक जागा सोडून तुमच्या स्क्रीनवर दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, असा एसएमएस १४४२२ या सरकारी नंबरावर पाठवा. काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात, असं उत्तर आलं तर नेटवर्क का गेलं ते कळलंच. बॉक्सवरच्या नंबराचाही असाच एसएमएस करा. दोन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट ठेवा.

आता अडकण्याचं. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२(३) मध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत. दूरसंचार ओळखक्रमांकात, म्हणजे आयएमईआयमध्येही, फेरफार करणं हा एक. फेरफार झाला आहे हे ठाऊक असून असं उपकरण जाणूनबुजून जवळ ठेवणं हा दुसरा. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तुम्ही नंबर बदललेला नाही, त्यामुळे पहिला भाग तुम्हाला लागत नाही. दुसरा भाग 'ठाऊक असून' या दोन शब्दांवर उभा आहे. काल तुम्हाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक झालं आहे. आजपासून तुम्ही काय करता यावर तुमची बाजू ठरेल.

तेव्हा फोन बंद करून ठेवा. रिसेट मारू नका, कोणाला 'बघायला' देऊ नका आणि आहे त्या किमतीत पुढे तर मुळीच खपवू नका. ही शेवटची चूक फार जण करतात, आणि तिथेच साधा फसलेला ग्राहक आरोपीच्या रांगेत जाऊन बसतो. दुकानदाराला लेखी अर्ज द्या: खरेदीची तारीख, रक्कम, पैसे कसे दिले, पावतीवरचा नंबर, स्क्रीनवरचा नंबर, आणि पैसे परत करण्याची मागणी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. मग याच कागदांच्या प्रती जोडून पोलीस ठाण्यात अर्ज करा आणि फोन पंचनामा करूनच जमा करा. पंचनाम्यावर दोन्ही नंबर लिहून घ्या, नाहीतर पुढे भलताच फोन तुमच्या नावावर दिसायचा.

पैशांसाठी मालविक्री अधिनियम १९३० चं कलम १४ तुमच्या बाजूने आहे: विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे ही अट व्यवहारात गृहीत धरलेली असते. दुकानातून घेतलेला असल्याने जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. फोनवर मात्र तुमचा हक्क सांगता येणार नाही. चोराकडून फिरत आलेल्या वस्तूची मालकी कितीही हात बदलले तरी मूळ मालकाकडेच राहते.

पावतीवर 'फोन चोरीचा निघाल्यास दुकान जबाबदार नाही' असा शिक्का आहे. त्याला अर्थ आहे का?
— सिडको

फौजदारीत शून्य. नागरी बाजूने दुकानदाराला वाद घालायला थोडी जागा मिळते, कारण गृहीत अटी करारात स्पष्ट लिहून बाजूला ठेवता येतात. पण ज्याला फोन चोरीचा असेल अशी शंका विकतानाच होती आणि म्हणून ज्याने शिक्का बनवून घेतला, त्याच्याविरुद्ध तोच शिक्का दाखवता येतो. ग्राहक आयोगापुढे तसं जरूर मांडा.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फ्लॅश मारताना, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर नव्याने भरताना, कधी आयएमईआय उडतो, 'नल' म्हणजे रिकामा दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, बॉक्सवरचाच नंबर परत टाका. तोच मूळ नंबर टाकला तर गुन्हा कसा? आणि त्यासाठी लागणारं फ्लॅशिंगचं यंत्र दुकानात ठेवणं चालतं का?
— नाशिकरोड

नंबर का उडतो ते तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. आयएमईआय आणि त्या विशिष्ट बोर्डाची रेडिओची मापं मेमरीच्या एका वेगळ्या कप्प्यात असतात. चुकीच्या मॉडेलची किंवा चुकीच्या प्रदेशाची फाइल मारली, किंवा 'सगळं पुसून' फ्लॅश केलं की तो कप्पा कोरा होतो. नंबरासोबत मापंही जातात, म्हणून वरून नंबर टाकलेल्या फोनला पुष्कळदा रेंज धड मिळत नाही. काम सुरू करायच्या आधी त्या कप्प्याचा बॅकअप घेणं हा खरा उपाय. त्याच फोनचा स्वतःचा बॅकअप परत भरणं आणि हाताने नंबर टाइप करणं यात तांत्रिक आणि कायदेशीर, दोन्ही अंगांनी मोठा फरक आहे. पहिल्यात पुरावा फोनमधूनच आलेला असतो. दुसऱ्यात तुमच्याकडे असतो फक्त गिऱ्हाइकाचा शब्द आणि एक पुठ्ठ्याचा बॉक्स. चोरीच्या फोनला मिळताजुळता बॉक्स लावून आणणारे कमी नाहीत, आणि रिकामे बॉक्स विकतही मिळतात.

दूरसंचार सायबर सुरक्षा नियम २१ नोव्हेंबर २०२४ रोजी आले. त्यांत नंबर हेतुपुरस्सर काढणं, पुसणं, बदलणं यांवर बंदी आहेच. शिवाय या कामासाठी जुळवलेलं हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर, ते तसं आहे हे ठाऊक असून, बाळगणं आणि वापरणं यांवरही आहे. फ्लॅशिंगचं साधन दुकानात असणं म्हणजे गुन्हा नव्हे. त्याचा उपयोग दुरुस्तीला होतो. पण कॉम्प्युटरवर लिहिलेल्या नंबरांच्या नोंदी राहतात आणि व्हॉट्सअॅपवर 'भाऊ, नंबर बदलून मिळेल का' याला तुम्ही दिलेला अंगठाही राहतो. जप्ती झाली की पहिल्यांदा हेच बघितलं जातं. गुन्ह्याला मदत करणाऱ्याला दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२(६) प्रमाणे तशीच शिक्षा आहे, म्हणून काउंटरवरच्या मुलाने केलं, मला माहीत नव्हतं, हा बचाव फार टिकत नाही.

आमचा सल्ला सरळ आहे. नंबर उडालेला आणि बॅकअप नसलेला फोन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे बिलासह पाठवा. बिल नसेल तर काम घेऊ नका. फ्लॅशला घेताना जॉबकार्डवर आधीचे दोन्ही आयएमईआय लिहा, *#०६# चा फोटो काढा, गिऱ्हाइकाची सही घ्या. फोन डेड आला असेल आणि नंबर दिसतच नसेल, तर 'नंबर तपासता आला नाही' असं लिहूनच सही घ्या.

जुन्या मंडळींचा एक गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे. १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा देशभर बंद झाली, त्याच्या आधी काही महिने सरकारच्या संमतीने, नेमलेल्या केंद्रांवर, बिननंबरी चिनी फोनमध्ये नंबर भरून देण्याची मोहीम चालली होती. 'तेव्हा चालायचं' हे खरं; ती मोहीम केव्हाच संपली, तिचा आधार आज घेता येत नाही.

फोन पाण्यात पडला म्हणून मदरबोर्ड बदलला. आता नंबर वेगळा दिसतो. हा फेरफार झाला का?
— गंगापूर रोड

नंबर बोर्डासोबत येतो. नव्या बोर्डाचा स्वतःचा अस्सल नंबर असेल तर कोणी काही पुसलेलं नाही, बदललेलं नाही. अधिकृत केंद्रात झालं असेल तर जॉबशीटवर जुना आणि नवा, दोन्ही आयएमईआय छापलेले असतात. ते पान मूळ बिलाला टाचून ठेवा आणि विम्यावाल्याला कळवा. बाहेरच्या दुकानात दुसऱ्या फोनमधून काढलेला बोर्ड बसवला असेल तर प्रश्न त्या दुसऱ्या फोनचा आहे: तो कोणाचा, आणि भंगारात कसा आला? चोरीच्या फोनची स्क्रीन आणि बोर्ड वेगळे करून विकले जातात. बोर्ड बसवण्याआधी दुकानदाराला १४४२२ वर त्याचा नंबर तपासायला लावा आणि बिलावर 'बदली बोर्ड' असं लिहून तो नंबर टाकून घ्या.

१४४२२ चं उत्तर चांगलं आलं म्हणजे फोन निर्धोक समजायचा का?
— पंचवटी

नाही. उत्तर फक्त त्या नंबराबद्दल असतं. काल रात्री चोरलेला फोन आज यादीत नसतोच, कारण मालकाने अजून तक्रारच केलेली नसते. दुसरं म्हणजे अस्सल, चालू फोनचा नंबर चोरीच्या फोनवर चढवलेला असू शकतो. २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून जास्त फोन चालू सापडले होते.

म्हणून उत्तरात आलेलं कंपनीचं नाव आणि मॉडेल हातातल्या फोनशी ताडून पाहा. नंबराचे पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात, पुढचे सहा त्या फोनचे आणि शेवटचा पडताळ्याचा. हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं साधं मॉडेल आलं, तर तिथून निघा. मग *#०६#, सेटिंगमधलं 'फोनविषयी' हे पान, बॉक्सचं लेबल आणि बिल या चार ठिकाणचे नंबर एकेक आकडा वाचून जुळवा. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दोन्ही जुळवा. सिमच्या ट्रेवर कोरलेला नंबर एकटाच वेगळा असेल तर लगेच घाबरू नका; ट्रे शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळतो.

पडताळ्याच्या आकड्याचा एक घरगुती उपयोग आहे. हाताने लिहिलेल्या पावतीवर एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही. नमुन्याचा ४९०१५४२०३२३७५१८ हा नंबर घ्या. पहिल्या चौदा आकड्यांतले दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे आकडे ९, १, ४, ०, २, ७, १. त्यांची दुप्पट करा आणि दुप्पट दोन अंकी आली तर ते दोन अंक मिळवा: ९, २, ८, ०, ४, ५, २, बेरीज ३०. उरलेले ४, ०, ५, २, ३, ३, ५, बेरीज २२. एकूण ५२, साठाला ८ कमी, म्हणून शेवटचा आकडा ८. तुमच्या पावतीवरचा नंबर असा जुळला नाही तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. जुळला म्हणून फोन खरा असं मात्र समजू नका. बनावट नंबरही याच हिशेबाने तयार केलेले असतात.

मी जुने फोन घेतो-विकतो. नवीन नियमात माझ्यावर काय बंधन आलं?
— एम.जी. रोड

दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांच्या २२ ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर फेरफार झालेल्या आणि प्रतिबंधित आयएमईआयची यादी केंद्र सरकार ठेवतं आणि वापरलेल्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्याने प्रत्येक व्यवहाराआधी ती तपासायची आहे. यादीतला नंबर असेल तर घ्यायचा नाही, विकायचाही नाही. यादी पाहण्याला शुल्क लावण्याची तरतूद आहे.

यापलीकडे तुमचा खरा आधार म्हणजे रजिस्टर. तारीख आणि वेळ, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत (आधार असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं), दोन्ही आयएमईआय, मूळ बिलाची प्रत, दिलेली किंमत, सही. पैसे रोख न देता यूपीआयने त्याच नावाच्या खात्यात द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७(२) मध्ये चोरीचा माल आहे असं 'वाटायला कारण असूनही' घेणं पुरेसं आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बिल नाही, चार्जर नाही, फोन लॉक, मागणी बाजारभावाच्या चौथाई, आणि 'आजच पाहिजे' अशी घाई. यातलं एकेक चालून जाईल, सगळं एकत्र आलं तर ते 'कारण' झालं. हे सवयीने करणाऱ्याला कलम ३१७(४) आहे, तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. कुलूप लावलेला फोन घेऊच नये असं आमचं मत आहे. मालकाला स्वतःच्या फोनचं कुलूप उघडता येत नाही, ही गोष्ट खरी असली तरी तुमच्या काउंटरवर ती ऐकून घ्यायचं कारण नाही.

माझ्याच फोनचा नंबर मी बदलला, कोणाला फसवलं नाही, फक्त माग नको म्हणून. तरी गुन्हा?
— कॉलेज रोड

हो. कायदा फोन कोणाच्या मालकीचा आहे ते विचारत नाही.

दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा फोन आला: तुमच्याकडचा मोबाइल चोरीचा आहे, कुरिअरने पाठवा, नाहीतर अटक करू. मी तो दोन वर्षांपूर्वी वापरलेला घेतला होता. काय करू?
— ओझर

असे फोन खरेही असतात. मूळ मालकाने फोन ब्लॉक केला आणि त्यात नवं सिम पडलं की माग लागतो, आणि तिथला अंमलदार आधी फोन करतो. खोटेही तितकेच असतात. नाव, हुद्दा, ठाणं आणि गुन्हा क्रमांक किंवा गहाळ नोंद क्रमांक लिहून घ्या, फोन ठेवा. त्या ठाण्याचा नंबर त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढून स्वतः लावा. पैसे, ओटीपी किंवा 'तडजोडी'ची भाषा निघाली तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. व्हिडिओ कॉलवरची अटक कायद्यात नाही.

खरंच निघालं तरी फोन कुरिअरला देऊ नका. तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात, ओझर असेल तर ग्रामीण पोलिसांकडे, अर्ज द्या आणि पावती-पंचनाम्यावर तो जमा करा. पुढचं ते दोन ठाण्यांत बघतील. कुरिअरने गेलेल्या फोनचा तुमच्याकडे कागद राहत नाही. लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस नुसती व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. रीतसर नोटीस मिळाली तर मात्र टाळू नका. दोन वर्षांपूर्वीची पावती आणि पैसे दिल्याची बँकेतली नोंद आजच छापून ठेवा.

नाशिकरोड स्टेशनवर मुलीचा फोन गेला. कुठे तक्रार करायची, ब्लॉक कसा करायचा आणि सापडला तर परत कसा मिळतो?
— जेलरोड

फलाटावर किंवा गाडीत गेला तर लोहमार्ग पोलीस, स्टेशनबाहेर रिक्षाथांब्यावर गेला तर शहर पोलीस. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर 'झिरो' एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. हिसकावून नेला असेल तर 'गहाळ' अशी नोंद मान्य करू नका. हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे. गहाळ नोंदीवर विमा कंपन्या हमखास अडवतात. ठाण्यात नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भाग असेल तर अधीक्षकांकडे, टपालाने पाठवता येते. येत्या सिंहस्थात रामकुंडाच्या गर्दीत हेच प्रश्न रोज उठणार आहेत, म्हणून घरातल्या प्रत्येक फोनचे दोन्ही आयएमईआय आत्ताच वहीत लिहून ठेवा.

तक्रारीची प्रत हातात आली की त्याच नंबराचं नवं सिम काढा. अशा सिमवर एसएमएस सुरू व्हायला चोवीस तास लागू शकतात आणि ब्लॉकच्या अर्जाला ओटीपी लागतो, म्हणून आधी सिमचं बघा. मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला मोबाइल ब्लॉक करण्याच्या पानावर मोबाइल नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी-मॉडेल, ठिकाण, तारीख, ठाणं आणि तक्रार क्रमांक भरा; तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि बिल जोडा. एकच आयएमईआय भरला तर दुसऱ्या स्लॉटमध्ये फोन चालूच राहतो. मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा. सगळ्या कंपन्यांवर फोन चोवीस तासांत बंद होतो, तरी पोलिसांचा माग काढणं थांबत नाही. संचार साथीचं अॅप नव्या फोनमध्ये आधीपासून घालायचा आदेश सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये मागे घेतला, तेव्हा ते ठेवायचं की नाही ही तुमची मर्जी. पोर्टल आणि एसएमएस अॅपशिवाय चालतात.

सापडलेला फोन गहाळ नोंदीतला असेल तर ठाण्यातूनच ओळख पटवून मिळतो. गुन्हा दाखल असेल तर तो मुद्देमाल होतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली, अर्ज करावा लागतो. बिल, बॉक्स, ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत जोडा. मुद्देमाल ठाण्यात कुजवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. अर्जात ते लिहा. फोन सुपूर्दनाम्यावर मिळेल, म्हणजे खटला संपेपर्यंत तो विकायचा नाही आणि बोलावलं की हजर करायचा. चोराने नंबर बदललेला निघाला तर बिलावरचा नंबर स्क्रीनशी जुळणार नाही. तेव्हा तुमच्या गूगल किंवा अॅपल खात्यातल्या उपकरणाच्या नोंदीत फोनचा अनुक्रमांक किंवा आयएमईआय दिसतो का पाहा आणि ती नोंद छापून जोडा. असा फोन मिळाल्यावर थेट वापरायला घेऊ नका. सुपूर्दनाम्याची प्रत घेऊन अधिकृत केंद्रात दाखवा, आणि बोर्ड बदलायचा झाला तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या, कारण तो पुरावा आहे. नंबर शाबूत असेल तर एकच काम उरतं: पोर्टलवर त्याच विनंती क्रमांकाने अनब्लॉकचा अर्ज. तो राहिला तर फोन हातात येऊनही सिम लागत नाही.